चिखल्याचा डावा पाय

आमच्या आर्वीत उन्हाळा आला हे सांगायला कोकिळा लागत नाही, कूलर पुरतात. होळी जळली की माळ्यावरचे, जिन्याखालचे, गच्चीवर ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेले कूलर खाली उतरतात. त्यांच्या पोटातून चिमणीचं घरटं निघतं, जुनं वर्तमानपत्र निघतं, एखादी वाळून पापड झालेली पाल निघते, आणि मग ही सगळी मंडळी ऑटोत बसून माझ्या दुकानासमोर येऊन उभी राहतात. माझं दुकान पंखे, कूलर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं. बाकी वर्षभर मी तिथे बसून लोकांना सल्ले देतो; उन्हाळ्यात लोक मला देतात.

कूलरच्या नव्या ताटीवर, म्हणजे बाजूच्या लाकडी किसाच्या जाळीवर, पहिलं पाणी पडलं की ओल्या लाकडाचा एक वास सुटतो. त्या वासाने गिऱ्हाइकाचा चेहरा कसा निवतो, हे मी रोज बघतो. मला मात्र तो नकोसा होतो. एका उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण प्रज्ञा याच वासात पलंगावर पडून होती, आणि मी रोज सकाळी तिच्यासाठी पक्षी बघायला जात होतो. मी! ज्याला कोंबडी सोडली तर एकही पक्षी नावानिशी ओळखता येत नव्हता.

प्रज्ञा समुद्राची शास्त्रज्ञ होती. असं कुणी म्हटलं की ती लगेच दुरुस्त करायची: समुद्राची नाही, समुद्राकाठच्या चिखलाची; आणि नुसत्या चिखलाचीही नाही, त्यात चोच खुपसून जगणाऱ्या पक्ष्यांची. आर्वी डेपोतून समुद्राकडे जाणारी एकही बस सुटत नाही. अशा गावातल्या पोरीने हे कुठून डोक्यात घेतलं, कोण जाणे. मायला तर ते कोडंच होतं. "चिखलच पाहाचा होता त आपल्या नाल्यात काय कमी होता?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. पण विहारात कुणी भेटलं की हीच माय मान ताठ करून सांगायची, "आमची प्रज्ञा पाखराईची डॉक्टर हाय."

तिचा लाडका पक्षी चिखल्या. मुठीत मावेल एवढा, मातीच्या रंगाचा, दिसायला अगदी कुणीही नाही असा. हिवाळा आपल्या किनाऱ्यावर काढतो आणि ऊन तापायला लागलं की हिमालय ओलांडून पलीकडे अंडी घालायला जातो. वाटेत एखाद्या तलावाच्या, धरणाच्या काठी दम खायला उतरतो, आपण बसस्टँडवर चहाला उतरतो तसा. "एवढुशा जिवाले एवढं कायले जा लागते?" मी एकदा विचारलं. "मी नाई का गेली इतक्या दूर?" ती म्हणाली.

एका थंडीत मी तिच्याकडे किनाऱ्यावर राहायला गेलो होतो. तिचं सगळं आयुष्य भरती-ओहोटीवर चालायचं. पाणी उतरलं की ही चिखलात, पाणी चढलं की घरात. चिखलावरून चालताना पाऊल सपाट ठेवायचं आणि थांबायचं नाही, हे तिने मला दोनदा सांगितलं होतं. मी थांबलो. का थांबलो? तर एक सुंदर पांढरा बगळा खारफुटीच्या झाडावर बसला होता, तो तिला दाखवायला. बगळा म्हणजे प्लास्टिकची पिशवी निघाली आणि मी मांडीपर्यंत आत गेलो. मला ओढून काढलं, चप्पल तिथेच राहिली. मग सगळे पक्षी धरायच्या जाळ्याच्या दोरीपाशी श्वास धरून बसले. पक्षी टुणटुण करत जवळ आले, आणि नेमकी मला शिंक आली. क्षणात किनारा रिकामा. तिचा विद्यार्थी समीर, बिचारा कोकणातला सभ्य मुलगा, समुद्राकडे तोंड करून हसत होता. प्रज्ञा म्हणाली, "दादा, तू मोटारीच दुरुस्त कर, बावा."

दुसऱ्या दिवशी मला लांब बसवल्यावर पक्षी सापडले. एक चिखल्या तिने हातात धरला, मान दोन बोटांमध्ये आणि पाठ तळव्यात. नातवाला न्हाऊ घालणाऱ्या बाईसारखे तिचे हात सराईत होते. त्याच्या पायावर तिने अक्षरं कोरलेली एक इवलीशी पिवळी पट्टी बसवली. त्या पट्टीला ते लोक झेंडा म्हणतात. तो पक्षी पुढे कुणाला कुठे दिसला, तर झेंड्यावरून कळतं की तो कुठला. "म्हंजे एसटीच्या पाटीसारखं," मी म्हणालो. "हाव, तसंच. कोणत्या डेपोची गाडी ते समजते." मग तिने माझं बोट धरून त्या पक्ष्याच्या छातीला लावलं. आत इतकं भराभर काहीतरी चाललं होतं की मी बोट मागे घेतलं. तळवा उघडला तेव्हा तो गेला. त्याच्याकडे बघत ती झेंड्यांचं आणखी काही सांगत राहिली. मी माझ्या अनवाणी पायांकडे बघत होतो. मी पुढचं काही ऐकलं असेल तर शपथ.

नंतर त्या चिखलावर भराव पडला. बंदराला माल उतरवायला जागा पाहिजे होती म्हणे. लाल मातीचे ट्रक लागले आणि किनारा एक-एक पाऊल मागे सरकत गेला. एका संध्याकाळी तिचा फोन आला. "दादा, आज ओहोटी आली, आन् चिखल दिसलाच नाई." तिचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "दुसरा चिखल पाह्यजो ना मंग." बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण भाड्याची खोली बदलायला सांगावं तसं बोललो.

पुढच्या थंडीत थवे आले. भरावावर घिरट्या घातल्या आणि निघून गेले. शेजारच्या खाडीत समीरने रोज शोधलं, पण पिवळा झेंडा एकाच्याही पायात दिसला नाही. ते दुसरीकडे गेले, की जागा गेली म्हणून उपाशी संपले? तिच्या सगळ्या अभ्यासाचा आता एवढाच प्रश्न उरला होता, आणि याच सुमारास तिचं दुखणं बाहेर आलं. नागपूरच्या डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, आणि मग एक दिवस मऊ आवाजात सांगितलं, घरी न्या.

घरी म्हणजे आर्वीला, आमच्या पुढच्या खोलीत, कूलरसमोर. माझ्या हयातीत मी एवढ्या काळजीने कूलर बसवला नव्हता. पाण्याचा आवाज तिला आवडायचा. डोळे मिटून ती म्हणायची, "भरती येऊन राह्यली." आणि पंप अडकून गुरगुरला की, "बोट आली."

तिथेच एकदा ती बोलली. माय तिच्या पायांना तेल लावत होती. ती छताकडे बघत म्हणाली, "एक जरी दिसला ना दादा, त मी समजीन का जागा गेली, जीव नाई गेला."

तेव्हा तिनेच सांगितलं की हे दिवस चिखल्यांच्या परतीचे असतात, आणि आपल्या धरणाचा काठ त्यांच्या वाटेवर येऊ शकतो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, बुडालेल्या गावाचा रस्ता वर येतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिखलाचा पट्टा उघडा पडतो. दुकान उघडण्याआधी मी तिची तिपाईवर उभी करायची मोठी दुर्बीण स्कूटरवर आडवी बांधून निघायला लागलो. गावात बातमी पसरली की मिलिंद बोअर मारायची मशीन घेऊन फिरते.

पहिल्या दिवशी मी टेकडावर चढून, मोबाइलला रेंज मिळवून तिला फोन केला.

"आज काहीच दिसत नाई. लय धुकं हाय."

"एप्रिलात? आर्वीत?"

"हाव ना. पांढरं बी नाई, काळं धुकं हाय."

"दादा," ती म्हणाली, "दुर्बिणीचं झाकण काढ."

फोनमधून मायचं हसणं ऐकू आलं. मी झाकण काढलं आणि पाण्याच्या कडेला एक मोठा भुरा पक्षी टिपला. अगदी स्थिर, रुबाबदार. पाऊणएक तास मी त्याचं वर्णन करत होतो. शेवटी प्रज्ञाने विचारलं, "तो हालला का?" मी म्हणालो, "नाई, ध्यान लावून बसला हाय." ते खताचं पोतं होतं. त्या दिवसानंतर घरी गेलो की माय आधी विचारायची, "आज पोतं कसं हाय?" प्रज्ञा हसायची आणि हसताना पोट धरायची. दुखतंय म्हणून की हसू आवरत नाही म्हणून, हे मला कळायचं नाही.

पण ती मला शिकवतही होती. पलंगाच्या चादरीवर दोन बोटं चालवून दाखवायची: धावते, थांबते, टोचते; धावते, थांबते, टोचते. या दिवसांत त्याची छाती कशी तांबूस होते, विटेच्या भुग्यासारखी, ते सांगायची. आणि एक गोष्ट बजावायची, "नाई दिसला त नाई दिसला सांगजो. ते बी कामाचं असते. मनानं काही टाकू नको."

जयंतीच्या दिवशी तिने पलंग खिडकीजवळ सरकवायला लावला. निळे झेंडे, निळा गुलाल, डीजेने थरथरणारी कपाटाची काच. मिरवणुकीतल्या पोरींनी खिडकीत तिला पाहून जय भीम केला. तिने हात वर केला, तो तिथेच थोडा वेळ राहिला, आणि मायने हळूच तो धरून खाली ठेवला. त्या दिवशी खीर तिने चमचाभर खाल्ली. उरलेली मी खाल्ली आणि ती गोड होती की नाही, हे मला सांगता आलं नसतं.

आणि मग एका सकाळी ते आले. बुडालेल्या गावाच्या रस्त्याच्या कडेला दहा-बारा मातीचे गोळे धावत, थांबत, टोचत होते. मी दुर्बिणीला डोळा लावला. घाम डोळ्यात गेला. पुसला, काच धूसर झाली. शर्टाने काच पुसली, आणि पुन्हा लावला तेव्हा एकाच्या पायात पिवळं होतं. हळदीसारखं पिवळं. घाईत माझा तिपाईला धक्का लागला आणि दुर्बीणच हलायला लागली. झेंड्यावरची अक्षरं काही वाचता येईनात. तेवढ्यात म्हशींचा कळप पाण्यावर उतरला आणि सगळे उडाले.

स्कूटर मी कशी चालवली ते आठवत नाही. घराच्या दारात आल्यावर आठवलं की दुर्बीण तिकडेच उभी आहे. तसाच आत गेलो.

"दिसला! प्रज्ञा, दिसला!"

ती उठून बसली. मायने मागून उशी लावायच्या आत बसली.

"पिवळा?"

"पिवळाच."

"अक्षरं?"

"नाई वाचता आले. म्हशी आल्या."

"कोणत्या पायात होता?"

मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो, डोळ्यासमोर तो पक्षी आणला आणि माझी डावी मांडी थोपटून सांगितलं, "ह्या. डाव्या."

"नक्की?"

"एकदम नक्की. डावा म्हंजे डावाच." इतक्या खात्रीने मी आयुष्यात फार कमी वेळा बोललो आहे.

तिने डोळे मिटले. कूलरचा पंप गुरगुरला. मग उशीवर मागे टेकत म्हणाली, "मंग आपला नाई, दादा. आपल्याले उजव्या पायात असते. डाव्यात पिवळा घालणारे लोक दुसरे हाय, लय दूरच्या किनाऱ्यावरचे."

"मंग कोणाचा असन?"

"असन कोणाचा तरी. समीरले सांग, तो त्याईले कळवीन. कोणी तरी वाट पाहून राह्यलं असन." थोड्या वेळाने म्हणाली, "वाचला ना. कोणाचा तरी वाचला."

आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. तिची पाठ त्या दिवसांत इतकी लहान झाली होती की गाऊनच्या आत कुणी आहे असं वाटत नसे. मी दुर्बीण आणायला परत गेलो. त्यानंतरही रोज गेलो. काहीच दिसलं नाही, आणि तसंच सांगितलं. बुद्ध पौर्णिमेच्या आधी ती गेली. आजूबाजूच्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या, वंदना झाली, आणि कुणीतरी कूलर बंद केला. त्या शांततेत मला पहिल्यांदा समजलं की तो किती मोठ्याने वाजत होता.

त्याला आता काही उन्हाळे झाले. दुःख जुनं होतं म्हणतात; माझा अनुभव असा की ते फक्त हंगामी होतं. पावसाळ्यात मी बरा असतो. दिवाळीत तर माणसांत असतो. ताट्या भिजल्या की सुरू होतं.

यंदा मात्र वेगळंच झालं. कांताबाई म्हणून आमच्या ओळीतल्या शिलाई मशीनवाल्या. त्यांच्या कूलरची जळालेली मोटार मी नव्या तारेने वाइंड करून दिली होती. दुसऱ्याच दिवशी त्या पदर खोचून दुकानात आल्या.

"काय रे मिलिंद, हा कूलर घराले थंड करते का रस्त्याले? सगळी हवा मांगून जाऊन राह्यली!"

पंखा उलटा फिरत होता. नवशिक्या पोराने करावी तशी चूक, आणि केली मी. मोटार कोणत्या बाजूला फिरते हे नेहमी पात्याच्या बाजूने, तिच्यासमोर उभं राहून बघायचं असतं. मी ती मागून बघून तारा जोडल्या होत्या. कांताबाईंना समजावायला मी मोटार हातात घेतली, दांडा बोटाने फिरवला. "हे पाहा बाई, इकडून पाहिलं त उजवीकडे फिरते," आणि मोटारीचं तोंड त्यांच्याकडे वळवलं, "आन् समोरून पाहिलं त तेच डावीकडे. फिरणं तेच, पण पाहणारा कुठी उभा हाय..."

वाक्य पुरं झालं नाही.

समोरासमोर उभं राहिलं की माझी डावी बाजू ती समोरच्याची उजवी. तो पक्षी माझ्याकडे तोंड करून उभा असेल, तर मला डावीकडे दिसलेला पाय त्याचा उजवा होता. आणि मी माझी मांडी थोपटून सांगितलं होतं. रोज मोटारी फिरवून पोट भरणाऱ्या माणसाने.

"काऊन रे? शॉक लागला काय?" कांताबाई म्हणाल्या.

"हाव," मी म्हणालो.

त्या गेल्यावर मी समीरला फोन लावला. आता तो स्वतः मुलांना शिकवतो, शेजारच्या खाडीवर अजून काम करतो. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्याचा आवाज चढला.

"दादा, म्हणजे त्याचं तोंड तुमच्याकडे होतं?"

"तेच सांगून राह्यलो."

"दादा, नीट आठवा. तसं असेल तर तो आपला. भराव पडल्यानंतर आपला एकही पक्षी कुणाला दिसलेला नाही. मॅडमच्या कामातली ती एकटी नोंद होईल. तुम्ही फक्त हो म्हणा, मी आत्ता लिहितो."

मी डोळे मिटले. तो दिसला, अगदी स्पष्ट. तांबूस छाती, विटेच्या भुग्यासारखी. छाती दिसली म्हणजे तोंड माझ्याकडेच. मी हो म्हणायला तोंड उघडलं. आणि मग वाटलं, ही छाती मी दुर्बिणीतून पाहिली, की चादरीवर दोन बोटं चालवत ती रोज सांगायची ती ही? पुन्हा डोळे मिटले. आता तो पाठमोरा होता, आणि तितकाच स्पष्ट. मी त्याला वळवलं तसा तो वळत होता. धावायचा, थांबायचा, आणि मला हवं तिकडे तोंड करायचा. खरा पक्षी इतकं ऐकत नाही.

"दादा? आहात ना?"

हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? तिच्या नावापुढे एक जिवंत पक्षी लागला असता. ऐकणारे समीरसारखे सभ्य लोक. कुणी उलटतपासणी घेतली नसती. घेणारी एकटी होती. तिने 'नक्की?' असं एकदा विचारलं होतं, आणि मी एकदम नक्की म्हणून सांगितलं होतं.

"समीर," मी म्हणालो, "तोंड कुठी होतं ते मले माहीत नाई. आठवते असं वाटते, पण ते आठवणं नाई."

फोनमध्ये वारा वाजत होता. तो बहुतेक खाडीवरच उभा होता. मग म्हणाला, "अनिश्चित लिहू?"

"लिही."

घरी गेलो तर माय अंगणात गोणपाटावर बसून चिंच फोडत होती. तिच्या मांडीशी चिंचोक्यांचा ढीग झाला होता. मी शेजारी बसलो. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "चेहरा काऊन असा झाला तुया?"

मी सांगितलं. मोटार, तोंड, डावा, उजवा, समीर. तिला किती कळलं मला ठाऊक नाही. मध्ये दोनदा तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"म्हंजे तिचा होता का नाई?"

"सांगता येत नाई, माय."

"कोणालेच?"

"कोणालेच नाई. आता कधीच नाई."

तिने एक चिंच हातात घेतली, टरफल सोललं, शिरा ओढून काढल्या. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं. शेजारच्या घरी कुणीतरी कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होतं.

"तिचा होता असं नाई सांगता येत," ती म्हणाली. "त मंग तिचे मेले, असं बी नाई ना सांगता येत?"

"नाई, माय. तसं बी नाई."

"बरं मंग," असं म्हणून तिने तोंड पदरात घेतलं. माझ्या हाताला काहीतरी काम हवं होतं, म्हणून मी तिच्यासमोरची चिंच ओढून घेतली आणि फोडायला लागलो.